हार येईपर्यंत

— नको, चहा नको मला, पाणी पण नको, तुम्ही आधी जीपमधली ती पायाखालची चटई उचला बघू, दत्तारामभाऊ. का म्हणजे? बघायचंय खाली काय आहे. आमचे हे नि जयवंत हार आणायला गेलेत, ते येईपर्यंत मला दुसरं काम काय? तुमच्या ह्या नाहूरला अजून ना स्टेशन, ना फुलवाला — भांडुपला गेले असतील, आणि ह्यांना फुलवाल्याशी घासाघीस केल्याशिवाय चैन पडत नाही, तेव्हा येतील सावकाश. मला आणलंय ते ओवाळायला. निरांजन पिशवीत, कुंकू पिशवीत, नारळ पिशवीत — तोंड पण पिशवीतच ठेव म्हणाले असते तर सुटले असते मी. "तू काय बोलू नकोस, गाववाला आहे आपला." सकाळपासून हेच. वाकोल्यातनं निघताना तेच, दादरला गाडी बदलताना तेच. अहो, तुम्ही गाववाले, मान्य, पण जीप काय गावची आहे? जीप मिलिटरीची ना? मग तिची ओळख कोण देणार?

उचला ना. अडकलीय? सरका, मीच उचलते... शी, काय धूळ! — हे बघा. इथे गंज, इथे गंज, आणि इथे डाव्या अंगाला एकदम कोरा रंग. आणि ही एवढी जाड शिवण कसली? वेल्डिंग? माझ्या गोधडीला पण एवढा मोठा टाका नाही हो. सगळ्या जुन्या गाड्यांना असतं? असेल बाबा. मला गाड्यांतलं काय कळतं? काही नाही. पण मी बांगडा घेताना कल्ला वर करून बघते, कोळीण कितीही ओरडली तरी बघते, आणि तो बांगडा संध्याकाळी संपतो. ही तर उद्या पहाटे माझ्या पोराला घेऊन गावाला निघणार आहे. घाटातून. लायसन्स मिळून महिना नाही झाला त्याला. बाजूला कोण, तर बाबा — ज्यांना सायकलचा ब्रेक कुठला नि घंटी कुठली ते आठवून दाबावं लागतं!

ह्यांनी काय तपासली, सांगू? हॉर्न वाजवला. दोनदा. मग बॉनेटवर थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारतात तशी, नि म्हणाले झकास. झाली तपासणी! घरी नळाचा वॉशर बदलायला माणूस आला तर त्याला छप्पन्न प्रश्न विचारतील, आणि इथे सगळी जीपच्या जीप घेतायत ती एका थापेवर. मी म्हटलं, आमच्या गल्लीत गॅरेजवाला आहे, चांगला माणूस आहे, त्याला नेऊ बरोबर, एकदा खालनं-वरनं बघेल — तर केवढ्यांदा ओरडले! "दत्तारामला काय वाटेल? गाववाल्याची गाडी मेकॅनिकला दाखवायची म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणायचं." म्हणजे तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून आम्ही डोळे मिटून बसायचं. आपल्या गावच्या मंडळाच्या मीटिंगला तुम्ही ह्यांच्या बाजूला बसलात, जीप आहे म्हणालात, संपलं. त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरं काही नाही. डिझेल इंजिन बसवलंय. फोर व्हील आहे, चिखलातनं वर चढते. स्टॅंडपासून आमच्या वाडीपर्यंत एस. टी. दिवसातनं एकदा येते, पावसात ती पण नाही, तर जयवंतने माणसं न्यायची, आंब्याच्या पेट्या न्यायच्या, आजारी माणूस न्यायचा. पोरगा झोपेत गिअर टाकतो हो! खरंच सांगते, हात असा हलतो त्याचा. मला हसू पण येतं नि रडू पण येतं.

नाही, तुम्ही बसा, मी बघतेय नुसती. पण तुम्ही बसतच नाही म्हणा. मघापासून त्या शेवग्याखाली उभे आहात. या ना इकडे. नाही? मगाशी चालवून दाखवायला पण शेजारचा माणूस बोलावलात. गाडी तुमची, चावी तुमच्या खिशात, आणि चालवणार दुसराच. पाठ दुखते? हां. बरं. — जयवंतने चक्कर मारली तेव्हा मी बघत होते, गाडी डाव्या हाताला ओढत होती. ह्यांनी म्हटलं, नवा हात आहे, बसेल. पोराचा हात नवा असेल, पण मग तुमचा तो शेजारी? त्याच्याही हाताला डावीकडेच जात होती की. तो काय काल शिकला?

आणि हे काय हो? हे इथे समोर. चार स्क्रूची भोकं, मधला पत्रा स्वच्छ, नि वर कुंकवाचं बोट अजून आहे. देव होता ना इथे? काढलात? गाडी देताना देव काढून घेतात होय? आमच्याकडे तर घेणाऱ्याला देवासकट देतात, नाहीतर घेणारा हातच लावत नाही. वहिनींच्या माहेरचा देव होता? असेल, असेल. घाटावरच्या ना त्या, कोल्हापूरकडच्या? बाहेर आल्या नाहीत त्या. पडद्याआड उभ्या होत्या मघाशी, मी हसले तर आत गेल्या. पाणी पण तुम्हीच आणलंत. बरं नाही? मग असू दे, हाक नका मारू.

तुम्ही म्हणाल, काय बाई आहे, नुसती किटकिट. किटकिटच आहे मी! ह्यांचा संप झाला, गिरणी गेली, तेव्हापासून मरोळच्या कंपनीत पॅकिंगला जाते, दिवसभर डबे उलटे-सुलटे करून बघायचे, चेपलेला डबा बाजूला काढायचा. सवयच लागलीय. ह्या गाडीत पण तेच करतेय. काचेची ही चौकट नवी आहे — बाकी एक स्क्रू नवा नाही, चौकट तेवढी नवी. टपाच्या कमानी बघा, उजवीकडची सरळ, डावीकडची ठोकून सरळ केलेली. सीटचं रेक्झीन फाटलंय सगळीकडे, ड्रायव्हरच्या सीटला तेवढं नवं. ड्रायव्हर जास्त बसतो म्हणून? हो का. तोंडाला येईल ते सांगताय तुम्ही, दत्तारामभाऊ.

आणि खरं सांगू? — नको, जाऊ दे. — नाही, सांगतेच, तुम्ही कुठे ह्यांना सांगणार आहात. मला ना, मनातून वाटतंय ही खराब निघावी. सकाळी देवापुढे दिवा लावला तेव्हा पण तेच मागितलं मी. पाप लागेल तर लागो. सुपरवायझरशी बोलून ठेवलंय मी, माणसं हवीयत त्यांना, बारावी झालेला पोरगा चालतो, जयवंतला चिकटवून टाकला की माझ्याबरोबर जाईल, माझ्याबरोबर येईल. पण नाही! ह्यांना गाव हवंय. पोराचं नाव पुढे करतात, पण जायचंय ह्यांनाच. गिरणीतून जे काय हाती आलं ते सगळं ह्या लोखंडात घालून बसलेत. आधी पोरगा जाणार, मग पोराला जेवायला कोण घालणार म्हणून हे जाणार, मग दोघांना कोण घालणार? शेवंती! आणि मला नाही जायचं हो. नाही जायचं मला गावाला! सासूच्या चुलीपुढे परत नाही बसायचं. माझा पगार आहे, आमच्या लाइनवरच्या बायका आहेत, दुपारी डबे उघडले की प्रत्येकीची भाजी प्रत्येकीच्या डब्यात असते, शनिवारी सुटल्यावर भेळ खातो आम्ही. एवढीशी गोष्ट. ती कोणाला सांगायची? आई पोराच्या धंद्याच्या आड येते, भेळेसाठी! असंच म्हणतील ना? तुम्हाला पण असंच वाटलं आत्ता. वाटलं, तोंडावर दिसतंय.

म्हणून म्हणते, माझ्या शंकांना काही अर्थ नाही. मलाच नकोय म्हणून मला खोट दिसते, असं पण असेल. मी स्वतःवरच विश्वास ठेवत नाही, मग बाकीच्यांनी का ठेवावा?

एक काम करू. हा घ्या नारळ. नाही, फोडायचा नाही, नुसता बॉनेटवर ठेवते. हे आले की गाऱ्हाणं घालणार आहेत, तुम्ही "व्हय म्हाराजा" म्हणणार आहात, ठरलंय ना तुमचं? आपण तालीम करू. हसताय काय! बायकांनी गाऱ्हाणं घालू नये, माहितीय मला. पण माझे आजोबा घालायचे, सगळी वाडी उभी राहायची, माझं पाठ आहे. या इकडे. चपला काढा. नारळासमोर चपला घालून उभे राहणार? हां. आता हात जोडा.

बा देवा रवळनाथा, म्हाराजा! बारा वाडीच्या राखणदारा, म्हाराजा! आज तुझ्या एका लेकरान गाडी दिल्यान नि दुसऱ्या लेकरान घेतल्यान, तेचो ह्यो नारळ तुझ्या पायाकडे ठेवलेलो असा, तो मान्य करून घे, म्हाराजा! — म्हणा. — हां. मोठ्यानं म्हणा, पुरुषासारखा पुरुष!

आमचो झील, जयवंत, उद्या ह्या गाडीत बसान घाट उतरतलो, तेच्या वाटेत काय आडवा इला तर बाजूक कर, म्हाराजा! — छान. हे चांगलं म्हटलंत, मनापासून.

देणाऱ्यान खुशीन दिल्यान, मनात काय एक ठेवूक नाय, म्हाराजा! — हूं. पुटपुटलात. पण म्हटलंत, चालेल.

ह्या गाडीन आजपातूर कोणाचो घात करूक नाय, ह्या पत्र्याक कोणाचा रगात लागूक नाय, म्हाराजा —

— म्हणा की.

दत्तारामभाऊ. म्हणा. दोन शब्द आहेत. मघाशी तीनदा म्हटलेत तेच.

अहो, नारळावर हात का ठेवलात? उचलू नका तो. आधी बोला.

कोण होतं?

— बाळ? बाळ कोण? ...वहिनींचा भाऊ. म्हणून त्या आत. म्हणून देव काढलात. ही चालवत होता? कुठे, वहिनींच्या माहेराकडे, म्हणून आपल्या मंडळात कोणाला पत्ता नाही. उलटली? डावीकडे. ओढली नि धरली नाही गेली त्याला — मगाशी जयवंतला म्हणत होतात ना, जरा जोर लावून धर, सवय होईल! तोंड कसं उघडलं तुमचं! वय काय होतं त्याचं? — नको, सांगू नका. नका सांगू मला. कळलं.

म्हणजे चासी मोडली होती. तुम्ही ती जोडून घेतलीत, रंग मारलात, चौकट बदललीत, रेक्झीन — अरे देवा, म्हणून ते रेक्झीन! आणि परवा दसरा आहे, आमच्या ह्यांना, लवू सावंताला, घाई आहे, गाववाला आहे, तो मेकॅनिक आणणार नाही. बरोबर हेरलंत! परक्याने आधी खाली वाकून बघितलं असतं, म्हणून आपल्याच माणसाला दिलीत. भंगारात घालायची होती हो! तोडून घालायची होती! — ठेववत नाही नि तोडवत पण नाही? बायको रोज पडद्याआडून बघते? ते कळतं मला. कळतं, दगड नाही मी. पण म्हणून माझ्या पोराच्या हातात?

रडू नका. पुसा डोळे. मला रडणाऱ्या पुरुषाशी बोलता येत नाही. आणि मंडळाची काळजी आत्ता करू नका, मंडळात काय सांगायचं नि काय नाही ते मागाहून.

बघा, आले. वळणावर आहेत. पोराने हार दोन्ही हातांवर धरलाय, एक फूल खाली पडू देत नाहीये. लिंबू-मिरची पण आणलीय. ह्यांचा चेहरा बघा — संपानंतर आज पहिल्यांदा हसताना बघतेय मी ह्यांना असं, ओठ मिटत नाहीयेत त्या माणसाचे. आणि मला जे हवं होतं तेच झालं. मागितलं होतं ना मी? दिलं देवाने.

नाही, नाही. मी नाही सांगणार. तुम्ही सांगायचं. ऐका माझं — मी सांगितलं ना, तर हे म्हणतील, हिला पहिल्यापासूनच नको होती, हिने कुरापत काढली. आणि ते खरं आहे, काय उत्तर देणार मी? गाडी घेतील. मला मागे ठेवून घेतील नि पहाटे निघतील. माझं कोणी ऐकणार नाही, दत्तारामभाऊ, तुमचंच ऐकतील. गाववाले आहात.

— मिळाला हो हार? छान आहे. नाही, ओवाळायचं थांबा जरा. दत्तारामभाऊंना काहीतरी बोलायचंय. — जयवंत, नको. वर चढू नको. हार खाली ठेव. जयवंता, उतर म्हणते ना! उतर आधी!

बोला, भाऊ.

बोला ना हो.