संसाराची चिंता

...सल्ला द्यायचा नाही म्हणे! अहो, मग आईनं करायचं काय? या तोंडाचं काय लोणचं घालू?

तुम्हाला सांगते, आमची रुचा, तेवीस वर्षांची घोडी, उन्हाळा लागल्यापासून सारखी मोबाइलवर तापमान बघत बसलेली... इथे लखनौला शेहेचाळीस झालं की ही ताट बाजूला सारते, कूलर लावला तर विजेनं हवा आणखी तापते म्हणून उठून बंद करते, "मम्मी, दुनिया ख़त्म हो रही है!" मराठी सगळं कळतं हो, पण उत्तर हिंदीत! मी म्हटलं, अगं, डोक्याला तेल थाप, कैरीचं पन्हं पी, वाटेल बरं. झालं! त्या दिवसापासून अबोला. हे एअरफोर्समधून रिटायर झाल्यापासून पेपरात डोकं घालून बसलेले, पोरगी मोबाइलमध्ये... मी बोलायचं तरी कुणाशी?

शेवटी तिच्या मैत्रिणीनं सांगितलं म्हणून आमच्या अलीगंजहून ई-रिक्षा करून तिला इंदिरा नगरला नेलं. तिथे दर रविवारी सकाळी दहा-बारा जण गोल करून बसतात आणि या हवामानाची धास्ती एकमेकांना सांगतात. ग्रुप चालवणाऱ्या निगम मॅडम, काय गोड बोलणं, "आंटी जी, यहाँ कोई सलाह नहीं देता, बस सुनते हैं." सल्ला द्यायचा नाही म्हणे! एक बँकेतले भैया म्हणाले, गर्मी के डर से नींद नहीं आती... अहो, जायफळ उगाळून घ्या, एवढं अगदी जिभेवर आलं होतं! गिळलं.

मग माझी पाळी. मी आपलं मनातलं बोलले, "मुझे तो संसार की चिंता है. तीस साल से अकेली सँभाल रही हूँ, किसी ने पूछा तक नहीं!"

मॅडमचे डोळे भरले. "पूरा संसार... अकेली?"

"तो और कौन? ये तो पोस्टिंग पर! दो कमरे का संसार, पर सुबह से रात तक खटो!"

भैया टाळ्या वाजवायला लागले, आणि इकडे रुचा पोट धरून हसतेय! "मम्मी, हिंदी में संसार मतलब दुनिया! घर नहीं!" तीस वर्षं यूपीत काढली, पण तो शब्द काही माझ्या घरातून बाहेर पडला नव्हता. हसू दे म्हटलं! दोन महिन्यांनी हसली पोरगी, माझी फजिती झाली तर झाली.

परतताना रिक्षात तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. म्हणाली, "आई, मला खरंच भीती वाटते गं. काय करू, सांग ना."

चक्क मराठीत! आणि स्वतःहून सल्ला मागितला हो! मी तोंड उघडलं... मिटलं... पुन्हा उघडलं... म्हटलं, "बाळा, मलाही वाटते गं."

काय सांगू तुम्हाला... उभ्या जन्मात पहिल्यांदा पोरीनं सल्ला मागितला, आणि नेमका तेव्हाच माझ्याकडे एकही नव्हता!