मोतीमहालचा हार आणि मंगळवारचा ताव

जबाब. सातारा, तारीख १८ नोव्हेंबर १९४६, वार सोमवार, सकाळी साडेदहा.

नाव अंबूबाई कोम मयत धुळा कोळेकर. वय अदमासे पासष्ट. दाखला नाही, मोठ्या प्लेगात पहिले पोर कडेवर होते त्यावरून धरावे. धंदा छापखान्यात ताव मोडणे. राहणार हौद गल्ली, सातारा. माहेर कवठे महांकाळ. समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते ते असे की,

मी वरील ठिकाणी नात शालू हिच्यासह राहते. शालू वय एकोणीस, ही मोतीमहाल बंगल्यात भांडी घासण्यास जाते. ती गुरुवारपासून या चौकीच्या मागच्या खोलीत बसवून ठेवली आहे. तिच्यासाठी भाकरी आणली आहे. ती हवालदारांनी टेबलावर ठेवून घेतली व जबाब झाल्यावर देऊ म्हणून सांगितले.

मोतीमहाल हा बंगला सांगलीकडील कंत्राटदार लालासाहेब यांचा आहे. लढाईत सरकारास कांबळी पुरवून त्यांना पैसा झाला. कांबळ्यांची लोकर आमच्या माहेरच्या बाजूची. माझा भाऊ गुंडा याने ती कोणत्या भावाने दिली हे मला माहीत आहे, पण ते विचारलेले नाही म्हणून सांगत नाही. शालूचा बाप, म्हणजे माझा मुलगा, त्याच लढाईत बर्मात गेला. त्याच्या अंगावर कोणाचे कांबळे होते ते कळवण्यात आले नाही.

मी दोन वर्षांपासून 'नगरदीप' या साप्ताहिकाच्या छापखान्यात कामास आहे. मालक व संपादक आप्पासो. पूर्वी त्या पेपरात पावसापाण्याची, बाजारभावाची, कोणाची म्हैस हरवल्याची बातमी येत असे व अंक चारशे निघत. बंगला बांधून झाल्यापासून दर गुरुवारी मोतीमहालचेच काही ना काही येते. एका अंकात मोटार, एका अंकात कुत्रा, एका अंकात लीलाबाईसाहेब, म्हणजे लालासाहेबांचे कुटुंब, चहा कशात पितात ते. आता अंक दोन हजार निघतात. मला अक्षरे जुळवून थोडे वाचता येते. मोठी अक्षरे असली तर येते, बारीक असली तर येत नाही.

पेपरामुळे गावात काय झाले असे विचारल्यावरून सांगते की, बंगला बघायला औंधापासून माणसे येऊ लागली. बंगल्यापर्यंत खडी पडली, पुढे गल्लीत पडली नाही. समोरच्या चहावाल्याने कपाची किंमत वाढवली आणि कान असलेले कप आणले. आमच्या गल्लीत हरणाबाई म्हणून आहे, तिच्या घरात मीठ उसने असते, तिने दाराला मोतीमहालसारखा हिरवा रंग लावला. मी म्हटले, "हरणे, रंग चाटून जेव आता." ती म्हणाली, "आत्याबाई, तुमाला हौसच न्हाई." दोन खोल्यांचे भाडे होते त्यात आता एक खोली मिळते, कारण बंगल्याजवळची जागा. बंगल्यात कारंजे झाले त्या आठवड्यापासून आमच्या हौदाला पाणी सकाळी एक घटका येते. नळ कोणी वळवला ते मी पाहिलेले नाही. कारंज्याचे चित्र मात्र पहिल्या पानावर आले होते, आणि ते बघायला आमच्याच गल्लीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या.

दसऱ्याच्या सुमारास पेपरात आले की हौद गल्लीची अकरा घरे बंगल्याच्या मागे बघवत नाहीत, तेथे बाग व्हावी. हे मला छापखान्यात खिळे, म्हणजे छापायची अक्षरे, जुळवणारा जोतीराम याने वाचून दाखवले. मी आप्पासोंना विचारले, "आवं, त्या अकरात माझं घर हाय, ठावं हाय नव्हं?" ते म्हणाले, "अंबूबाई, शहर सुधारायचे म्हणजे कोणाला तरी सरकावे लागते." मी म्हटले, "मग तुमी सरका, तुमचा छापखाना बी काय देखणा न्हाई." ते हसले. मी ताव मोडत राहिले.

दिवाळीच्या अंकात लीलाबाईसाहेबांच्या हाराचे चित्र आले. शालूने ते कापून चुलीवरच्या भिंतीला चिकटवले. मी तिला बोलले. ती म्हणाली, "आज्जे, बघाया तर पैसं पडत न्हाईत." हे चित्र शिपायांनी गुरुवारी भिंतीवरून सोलून नेले व मुद्देमालात जमा केले, म्हणजे तिची नजर हारावर होती असा पुरावा. त्याबद्दल सांगते की तेच चित्र गल्लीत सात घरांत आहे. हरणाबाईच्या घरी देव्हाऱ्याशेजारी आहे. माझ्या भिंतीचा गिलावाही चित्राबरोबर गेला, त्याची नोंद पंचनाम्यात आहे काय ते पाहावे.

आता चोरीबाबत. बुधवार तारीख १३ रोजी दुपारी चार ते सहा बंगला लोकांना बघण्यास खुला होता. पेपराचा अंक दाखवील त्याला आत सोडणार, असे पेपरातच आले होते. गर्दी झाली. सहा वाजता हार नाही अशी ओरड झाली. शालू दुपारी दोन वाजल्यापासून मागच्या अंगणात भांड्यांना बसली होती, त्या दिवशी पाहुण्यांची भांडी होती. सात वाजता ती घरी आली, हात राखेने फुटलेले. बुधवारी तिला कोणी काही विचारले नाही. गुरुवारी सकाळी आठ वाजता पेपर बाहेर पडला आणि नऊ वाजता शिपाई दारात आले. पेपरात आत दुसऱ्या पानावर चोरीची मोठी हकीकत होती, वर हाराचे चित्र, व खाली लिहिले होते की मागील गल्लीतील एका मोलकरणीवर संशय आहे. म्हणजे शिपायांना जे कळायचे ते पेपराने कळवले.

गुरुवारी नऊनंतर मी आप्पासोंकडे गेले. म्हटले, "माझी नात हाय ती. नाव न्हाई घातलं म्हनून काय झालं, मागल्या गल्लीत मोलकरीन दुसरी कोन हाय?" आप्पासो म्हणाले, "अंबूबाई, मी फक्त बातमी दिली. सगळे अंक दहा वाजता संपले, आणखी छापावे लागतील. घड्या घालायला बसा." मी बसले नाही. त्या दिवसाची मजुरी बुडाली ती बुडाली.

पेपर कसा छापतात असे विचारल्यावरून सांगते. पेपर चार पानांचा, म्हणजे एकच मोठा ताव मधे मोडलेला. आतली दोन पाने, म्हणजे दुसरे व तिसरे, मंगळवारी छापतात. शाई ओली असते म्हणून ते ताव रात्रभर दोरीवर टाकतात. बाहेरची दोन पाने, पहिले व चौथे, बुधवारी दिवे लागल्यावर त्याच तावांच्या पाठीवर छापतात, कारण ताजी बातमी उशिरा येते आणि ती बाहेर लागते. गुरुवारी पहाटे मी व दुसऱ्या दोघी घड्या घालतो. नेहमी असेच. यंत्र एकच आहे व ते पायाने चालते, दोन्ही बाजू एका दिवसात होत नाहीत.

चोरी बुधवारी संध्याकाळी झाली. तिची हकीकत आतल्या पानावर आहे. आतले पान मंगळवारी छापले. मी नाव कोणाचे घेत नाही. मी वार सांगते.

बुधवारी रात्री आतली पाने नव्याने छापली असतील, असे फौजदारसाहेबांनी म्हटल्यावरून सांगते. मलाही गुरुवारी कोणी विचारले असते तर मी तेच म्हटले असते, कारण माझ्या ध्यानात काही आले नव्हते. हाराचे चित्र मी मंगळवारी दोरीवर पाहिले होते, पण मोतीमहालचे चित्र कोणत्या मंगळवारी नसते? या वेळी पुन्हा हार, इतकेच वाटले. खालचे बारीक अक्षर मी वाचलेले नाही.

पण मंगळवारी काही ताव वाया जातात. शाई पुसते, कडा दुमडते. एका अंगाने छापलेले, दुसऱ्या अंगाने कोरे. ते मला नेण्यास मोकळीक आहे, कागदाची टंचाई म्हणून मी सोडत नाही. तारीख १२, मंगळवारी संध्याकाळी मी असे दोन ताव घरी नेले. माझी मुलगी सुलाबाई कडेगावास दिलेली आहे, तिला नववा महिना. तिच्यासाठी टोपडी, अंगडी व दुपटे शिवून ठेवले होते. त्यातल्या एका तावात ते गुंडाळले, छापील अंग आत, कोरे अंग बाहेर, पत्ता दिसावा म्हणून. पत्ता जोतीरामने लिहून दिला. वर कापड शिवले नाही, कापड टोपड्यांना लागले होते. बुधवारी सकाळी दहा वाजता मी स्वतः पोस्टात गेले. टपालबाबूने तिकिटे लावून तावावरच शिक्का मारला. शिक्का तारीख १३ चा आहे, सकाळच्या टपालाचा. हार त्या वेळी लीलाबाईसाहेबांच्या गळ्यात असावा किंवा पेटीत असावा. नाहीसा व्हायला अजून आठ तास होते.

पुडके शुक्रवारी कडेगावास पोचले. माझा जावई अर्जुना हा पलटणीत होता, त्याला वाचता येते. त्याने टोपडी काढून घेतली आणि कागद वाचत बसला, ही त्याची खोड आहे. रविवारी तो सर्व्हिस मोटारीने येथे आला. दारातूनच म्हणाला, "आवं मामी, तुमच्या आप्पासोला देव परसन्न झालाय का काय? चोरी व्हायच्या आदी चोरी छापतोय!" मी त्याला आत घेतले व कवाड लावले. शालू कोठे आहे ते सांगितले. मग तो हसला नाही. त्याने सगळा मजकूर मला दोनदा वाचून दाखवला. गुरुवारच्या अंकाशी ताडून पाहिला. अक्षरात अक्षर तेच. बुधवारी सायंकाळी गर्दी ओसरताच हार नाहीसा झाला, असे मंगळवारच्या तावावर लिहिले आहे.

रविवारी दुपारी मी जोतीरामच्या घरी गेले. विचारले, "तो हाराचा मजकूर तू कवा जुळवलास रं?" तो म्हणाला, "सोमवारी." मग म्हणाला, "मावशे, मी खिळं बघतो, मजकूर बघत न्हाई." मी म्हटले, "पंधरा वर्सं खिळं बघतोस आनि त्यातला बुधवार दिसला न्हाई तुला?" तो म्हणाला, "मला लेकरं हायेत." मी म्हटले, "मला नात हाय." त्याच्या बायकोने चहा केला होता, तो मी घेतला नाही. जोतीरामला विचारल्यास तो काय सांगेल हे मी सांगू शकत नाही. त्याचा जबाब आप्पासोंसमोर घेऊ नये इतके म्हणणे आहे.

हार कोठे आहे असे विचारल्यावरून सांगते की मला माहीत नाही. हार गेला की गेला नाही हेही मला माहीत नाही. शालू चोर ठरली तर गल्ली चोरांची ठरते, आणि चोरांची गल्ली हलवायला कोणी हरकत घेत नाही, इतके मला कळते. काल हरणाबाईसुद्धा माझ्या अंगणातून न जाता फिरून गेली. दार अजून हिरवे आहे.

शिक्का असलेला ताव हजर करण्यास सांगितल्यावरून सांगते की तो मी आणलेला नाही. सोबत दुसरा वाया ताव आणला आहे, त्यावर मजकूर तोच आहे, शिक्का नाही. तो पाहून घ्यावा. शिक्क्याचा ताव अर्जुनाजवळ आहे. अर्जुना आज कोठे आहे ते मला विचारले, मी सांगितले नाही. विश्वास का नाही असे फौजदारसाहेबांनी विचारले. दिवाळीच्या अंकात चौथ्या पानावर मोतीमहालच्या मोटारीपाशी फौजदारसाहेबांचा फोटो आला आहे, एक हात मोटारीवर ठेवलेला. फोटो चांगला आला आहे. तो ताव मीच मोडला. शालू माझ्याबरोबर या दारातून बाहेर पडली की अर्जुना ताव घेऊन मामलेदारांच्या कचेरीत, चार माणसांसमोर हजर होईल. आज पाच वाजेपर्यंत ती बाहेर पडली नाही तरीही तो हजर होईल, पण मग ती पाच दिवस येथे कोणाच्या लेखावरून बसली होती हेही तेथे वाचले जाईल.

या कामी माझे आणखी सांगणे नाही.

जबाब मला वाचून दाखवला. पहिल्या वाचनात आतली पाने "बुधवारी" छापतात असे लिहिलेले निघाले. मी हात धरून थांबवले. मी मंगळवार सांगितला होता, हवालदार म्हणाले चुकून झाले. "बुधवारी" खोडून "मंगळवारी" केले व खोडल्या जागी त्यांची सही घेतली. पुन्हा सुरुवातीपासून वाचायला लावला. आता तो मी बोलले तसा आहे. खाली कोरी जागा राहिली होती, तेथे आडवी रेघ मारून घेतली. अंगठा देत नाही, नाव लिहिते. भाकरी अजून टेबलावरच आहे.

अंबूबाई कोळेकर, दस्तुर खुद्द