बाटलीच्या तळाचं

पोपरिंग गावच्या चर्चमधली गाऊन म्हटलेली प्रार्थना अजून कानांत घुमत होती आणि मी बसच्या रांगेत उभा होतो. पुढे म्हाताऱ्या गोदलीव्हमावशी आणि त्यांचा शेजारी फर्मिन.

“मावशी, रागावणार नसशील तर एक कबुली द्यायची आहे.”

“आत पाद्रीबाबा मोकळेच बसले होते की!”

“त्यांना बिअर करता येत नाही. नाताळात तुझ्याकडे प्यायलो ना, तेव्हा एक रिकामी बाटली कोटात घालून नेली.”

“रिकामी?”

“तळाला यीस्टचा गाळ होता. तोच हवा होता. जवाच्या माल्टचं पाणी उकळून, गार करून, थोडं थोडं पाजत बरणीभर यीस्ट वाढवलं. लेकीच्या लग्नासाठी वीस लिटर बिअर लावली.”

“मग? जमली?”

“पावासारखी लागते. तुझ्या बिअरचा तो लवंगेचा वास नावालाही नाही.”

“कसा असेल? माझं यीस्ट मी पिंपातच खाली बसू देते. बाटल्या भरताना वरून पावाचं घालते. फेसही येतो आणि चोरही फसतो.”

“मावशी! लग्नाला दोनच महिने उरलेत गं.”

“रडू नकोस. उद्या स्वच्छ बरणी घेऊन ये. पिंपाच्या तळाचं देते.”

“खरंच देशील?”

“तुझ्याच घरचं आहे. तुझ्या वडिलांना पुरून आल्यावर तुमच्याकडे जेवण होतं ना, तेव्हा त्यांच्या बिअरच्या बाटल्या विसळायला मीच पुढे झाले होते.”

“म्हणजे तूसुद्धा?”

“हो. पण ते भले होते रे. पिंपात जे, तेच बाटलीत.”