ट्रम्पेटवरील हाक

वाचकहो, चिकलठाण्यात चित्रपटाच्या तिकिटांच्या रांगेत श्रवण केलेला एका वृद्ध मेंढपाळ दांपत्याचा संवाद मी येथे यथातथ्य सादर करीत आहे.

“अहो, कालच पाहिला की ह्यो पिक्चर!”

“शेवटी नावं आली तवा म्होरचे लोक उठले. आपल्या पोराचं, हनुमानचं नाव दिसलंच नाय.”

“रॉकवाल्यांच्या गाण्यात ट्रम्पेट फुंकायला गेला, तवा तुम्हीच त्याच्याशी बोलणं टाकलं!”

“व्हय. आता अख्ख्या पिक्चरचं संगीत त्याचं हाय! शेवटी ट्रम्पेटवर काय वाजलं, वळखलंस?”

“तुमची हाक. सांजच्याला मेंढरं माघारी बोलवायची.”

“नऊ वर्सं झाली, इसरला नाय गडी.”

“मग लावू फोन?”

“लाव. म्हणावं, तुझ्या बाला हाक ऐकू आली.”

अगत्यपूर्वक वाचलेत, मी ऋणी आहे.
आपला नम्र,
केरबा माळवदे, पुंडलिकनगर