रूपरावजीच्या गळ्यात पडलेली आशा

...आन वरून सून हासाले सांगते, राजेहो! सत्तरी पार केलेल्या मानसानं, सकाळी, चाय पोटात जायच्या आधी, आरशासमोर उभं राहून हासाचं... कोनाले? तुमाले सांगतो, बोरगाव मेघेच्या रूपरावजीच्या घरी हेच चालू होतं. त्यायची सून गुंजन, पोरगी तशी गुनाची, पन तिनं मोबाईलवर वाचलं का म्हातारपनी जो आशा धरून राह्यते त्याचा मेंदू टिकते, इसरभोळेपना कमी येते. झालं. त्या दिवसापासून रूपरावजीनं तोंड उघडलं का ती म्हने, "बाबा, चांगलं बोला."

आता ज्या मानसानं सारी नोकरी यस्टीच्या स्टँडवर कंट्रोलर म्हनून काढली, त्यानं चांगलं बोलाचं कुठून? लोक इचारत, गिरडची गाडी येते का, आन हे खिडकीतून सांगत, काई सांगता येत नाई. आली तं लोक खूश, नाई आली तं रूपरावजी खरे. कोनाचंच नुकसान नाई! ढग भरून आले, हे म्हनत पानी येत नाई. नातवाचा पेपर असला, हे म्हनत कठीन निघन. आन डोकसं कसं? एकदम टंच. कोनाच्या लग्नात बुंदी कमी पडली तेबी याद. मंग सांगा, यात रूपरावजीचं काय चुकलं?

पन गुंजनले खरी चिंता सासऱ्याची नव्हती, सासूची होती. कोकिळाबाई म्हंजे... कसं सांगू तुमाले! दूध उतू गेलं, म्हने होते बरोबर. पोरगा नापास झाला, म्हने होते बरोबर. एका वर्षी वाऱ्यानं घरावरचे टिनं उडाले, तं हे बाई चिखलात उभी राहून म्हने, "आता उजेड किती येते पाहा." अशा बाईनं मागच्या वर्षापासून भाजीत दोन-दोनदा मीठ टाकाले सुरुवात केली. नाचनगावच्या सख्ख्या बहिनीचं नाव आठवेना. एक दिवस तं आपल्याच फाटकासमोरून सरळ पुढं निघून गेली, शेजारचा हिरालाल हात धरून घेऊन आला. त्या दिवशी रूपरावजी जेवले नाई. दुख तं होतंच, पन राग जास्त. राग कोनावर, ते समजेना, म्हनून मंग साऱ्याइवर. यात रूपरावजीचं काय चुकलं?

अशात गुंजन दोघाइले ज्येष्ठ नागरिकाइच्या कार्यक्रमाले घेऊन गेली. मेंदूच्या डाक्टरीनबाई आलत्या, मेघा नावाच्या, नरम बोलनाऱ्या. त्यायनं सांगितलं, चालाफिराचं, चार लोकाइत बसाचं, आन आशावादी राहाचं. सारे म्हातारे माना हालवून राह्यले, जसं काई उद्यापासून सारेच जवान होतेत. कोकिळाबाई तं हासून टाळ्या वाजवून राह्यली. ते पाह्यलं, आन रूपरावजी उठले.

"बाई, तुमचं सांगनं माह्या घरी उलटं झालं," ते म्हने. "आशा जिंदगीभर हिनं धरली. मी एक दिवस धरली नाई. मंग मले सारं आठवते आन हिले काऊन नाई? बिमारी माह्या नावाची होती, हिच्याकडे कशी गेली?"

गुंजन खाली मान घालून बसली. डाक्टरीनबाई मात्र स्टेजवरून खाली आल्या, बाजूच्या खुर्चीवर बसल्या. त्यायनं समजावलं, हे हजारो लोकाइले पाहून काढलेलं अनुमान हाय, आशावाल्याइले हा आजार जरा कमी होते. कमी म्हंजे कधीच नाई, असं नाई. एका घरात काय होईन, ते कोनी सांगू शकत नाई. यात कोकिळाबाईचा दोष नाई, तुमचाबी नाई.

"मंग ते आशा कोन्या कामाची?"

"ती बिमारी थांबवन, हे मी म्हनत नाई," बाई म्हनल्या. "पन अशा मानसाजवळ रोज कोनी वाईटच बोललं, तं ते जास्त घाबरते. इतके वर्ष साऱ्या घराची आशा यायनं धरली. आता दुसऱ्या कोनाले धरा लागन."

दुसरं कोन? पोरगा योगेंद्र पुन्याले. गुंजनची नोकरी. नातू शाळेत. रूपरावजीनं मांग पाह्यलं, बाजूले पाह्यलं... म्हंजे मी? या वयात? बिना शिकवता? सांगा ना राजेहो, यात रूपरावजीचं काय चुकलं?

परत येतानी आटोत कोकिळाबाईनं त्यायचा हात पकडला. हासू कुठं गेलं होतं कोन जाने. हळूच म्हने, "अवो, मी तुमाले तं इसरनार नाई ना?"

खरं काय ते रूपरावजीच्या तोंडापर्यंत आलतं. गिळलं त्यायनं. बाहेर पाहून म्हने, "नाई इसरत. मी हावो ना." तिनं लगेच मानलं. एका मिनिटात ते दुकानातल्या साड्या दाखवून राह्यली होती.

तुमाले वाटन, झालं, मानूस सुधरला. कायचं सुधरते! दुसऱ्या दिवशी चाय पेतानी कोकिळाबाईचा परत तोच सवाल. त्याच्या दुसऱ्या दिवशी परत. मानूस एकदा आशावादी झाला तं झाला पाह्यजे का नाई? रूपरावजीले रोज नव्यानं व्हा लागते... कारन ते काल झालते, हे तिच्या ध्यानात राह्यत नाई, आन खरं काय ते यायच्या डोकशातून जात नाई.