मिटलेल्या तक्रारीची तारीख

येरमाळ्याहून सुटलेल्या एसटीत माझ्या मागच्या बाकावर दोघं बोलत होती.

"जैनोद्दीनभाई, गाडी लई रखडली. ग्राहक कोर्टात पुकारा झाला तर?"

"आपल्या दोघांबिगर कसं चालंल, कडूबाई? तक्रार तुमची, दुकान माझं."

"तुमी दिलेलं शिलाई मशीन आठवड्यात बंद पडलं. म्या काय करणार व्हते?"

"पण दुरुस्त करून दिलं ना?"

"व्हय, आता झकास चालतंय."

"मग मिटलं म्हणून फोनवर सांगा की."

"सांगितलं. म्हणले, दोघं साहेबांपुढं येऊन सांगा. यावं, तर नंबरच लागत न्हाय. पुढली तारीख देतेत."

"या अल्ला, आज तरी लागू दे!"

"तुमाला कसली एवढी घाई?"

"मशीन परत बंद पडायच्या आत मिटाया पायजे, बाई."