नळ घरात आल्यावर

मॉरिशसमधल्या वाक्वा गावच्या बाजाराबाहेर, बसच्या रांगेत माझ्यापुढं दोन बाया होत्या. एकीच्या पिशवीतून झेंडू डोकावत होता.

"फुलं कशाला, देवकी?"

"आज सत्यभामामावशीचं तेरावं."

"आयो. कधी गेली?"

"नक्की कुणालाच ठाऊक नाही. तीन दिवसांनी दार फोडलं."

"तीन दिवस? आपल्या गल्लीत? पहाटे नळावर एखादीची बादली दिसली नाही, तर आपण तिचं दार ठोठावायचो."

"तू लग्न होऊन गेलीस, निर्मला. आता घरोघर नळ आलाय. गल्लीतल्या नळावर कुणी येत नाही."

"तरी शेजारणीला कळू नये?"

"मावशीचा रेडिओ चालू होता. शेजारणीला वाटलं, म्हातारी आहे घरात."

"रात्रंदिवस वाजतोय, तरी बघायला गेली नाही?"

"नाही. आवाज कमी कर म्हणून भिंतीवर थापा मारल्या."

"ती लीलावतीच असणार. तिला काळीज कधी नव्हतंच."

"लीलावती दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेली. मावशीची दुसरी भिंत माझी आहे."